तांब्याचा हंडा आणि मोरीतलं पाणी

शनिवार, १२ जुलै १९८६. संध्या. ७
भांडुपला तळमजला घेतल्याचे फायदे संपले. बाहेरचं गटार तुंबलं आणि मोरीतून उलटं पाणी घरात. काळं, घोट्याएवढं. आईचा पाण्याचा तांब्याचा हंडा त्यात आडवा तरंगत होता. शेवंतीला सातवा. मागच्या खेपेला पाचव्यात गेलं. पुढच्या रविवारी डोहाळजेवण. निश्चय: तीन दिवसांत घर लख्ख, एकट्याने. घाबरण्यासारखं काही नाही. घाबरलोय.

रविवार, १३ जुलै
पाणी ओसरलं. वरच्या मजल्यावरची प्रेमा, हॉस्पिटलात नर्स, न बोलावता आली. म्हणाली, जयवंत, गमबूट नि हातमोजे घाल, सगळं साबणाने धू, मग ब्लिचिंग पावडरचं पाणी फिरव. भिजलेली गादी फेक. पाणी उकळूनच प्या. शेवंतीला म्हणाली, तू वर चल गं. शेवंती लगेच निघाली. फक्त चार दिवस, हे मी स्पष्ट केलं. डोहाळजेवण आपल्याच घरात.

दुपारी. गमबूट टाचेला लागतात. अनवाणी उतरलो. कोकणातल्या चिखलात वाढलोय. गादी सासऱ्यांची, फेकणार नाही. गच्चीवर टाकली.

सोमवार, १४
कंबर धरली. प्रेमाने नाइट ड्यूटी करून येऊन मोरीपासून दारापर्यंत सगळं घासलं. आखणी माझी होती. गादी तिने कचऱ्यात टाकली. मनातल्या मनात निषेध.

मंगळवार, १५
हंडा मात्र मीच घासला. चिंच-मीठ, तासभर. तोंड दिसतं त्यात. प्रेमा म्हणते, चकचकीत म्हणजे स्वच्छ नव्हे. नळाचं पाणी पिवळट येतंय, उकळ. पण तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आपोआप शुद्ध होतं, असं आई सांगायची. नर्सिंगच्या पुस्तकात नसेल. तुरटीही फिरवली.

गुरुवार, १७
शेवंती घरी. आजपासून हंड्यातला पेला रोज मीच तिच्या हातात देणार. आधी मी प्यायलो, मग ती. एका शब्दाने विरोध नाही. बायकोचा विश्वास लागतो, तो असा.

रविवार, २०
डोहाळजेवण झकास. शेवंतीने झाकली वाटी उघडली, बर्फी निघाली. मुलगी! प्रेमाने वरून उकळलेल्या पाण्याचं पातेलं आणलं आणि बायका तेच प्यायल्या. अपमान. मी सर्वांदेखत हंड्यातले दोन पेले प्यायलो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदनाला उभं राहवेना. अन्नाचा वास नको होतो. अ‍ॅसिडिटी. उद्यापासून तळलेलं बंद.

सोमवार, १८ ऑगस्ट
कावीळ. आरशात डोळे हळदीसारखे. डॉक्टर म्हणाले, दूषित पाण्यातून होते, गरोदर बाईच्या जिवावर बेतते. तोच पेला मी रोज तिच्या हातात दिला होता. विचारायची हिंमत होईना. शेवटी विचारलं. शेवंती दारातच उभी होती, मागे प्रेमा. म्हणाली, तुमच्या समाधानासाठी पेला ओठाला लावायचे, पाठ वळली की मोरीत ओतायचे. पाणी प्रेमाकडचं प्यायचे. सगळे रिपोर्ट चांगले आहेत.

रडलो. माझं ऐकलं नाही म्हणून दोघी वाचल्या.

मग ती म्हणाली, आत्ता हलतेय. मी उठून हात पुढे केला. प्रेमा मध्ये आली. म्हणाली, आधी साबण.