आईच्या ऑपरेशनचे दोन रकाने

अण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. परवा शेवगावला एका लग्नात तुमचा जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "ताई, सरांसारखी शोकांतिका कुणी शिकवली नाही." मी पानातली जिलेबी मोडत नुसती मान हलवली. तुमचे ते तास मीही ऐकलेत. नगरच्या कॉन्व्हेंटमधून घरी परतले आणि तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच वर्गात बसले. खडू बोटांत फिरवत तुम्ही सांगायचात, नायक दुष्ट नसतो, भित्राही नसतो. तो शहाणा असतो, त्याला प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसतात, आणि त्या बघत तो उभा राहतो तोवर वेळ निघून जाते. मुली भराभर उतरवून घ्यायच्या. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा.

त्याच वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आठवड्याच्या आत ऑपरेशन करा. तुम्ही घरी येऊन जुन्या उत्तरपत्रिकेचं कोरं पान फाडलंत आणि मधोमध रेघ मारलीत. डावीकडे 'करावे', उजवीकडे 'करू नये'. वादविवाद स्पर्धेच्या मुलांची तयारी तुम्ही तशीच करून घ्यायचात. आई भाकरी थापते आहे, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कागद मांडीवर घेऊन बसला आहात. रक्तदाबाचा त्रास उजवीकडे लिहिता, मग खोडता. "अहो, कापायचंय मला आणि घाम तुम्हाला फुटलाय," आई म्हणते, आणि आपण तिघंही हसतो.

कोल्हारच्या वैद्यांचा काढा झाला. पुण्याच्या डॉक्टरांचं मत झालं. पितृपंधरवडा आडवा आला. दूध घालायला येणारी मावशी एकदा दारातच म्हणाली, "मास्तर, लई इचार केला तुमी. आता बाईला गाडीत घाला." घाईचे निर्णय अडाणी माणसं घेतात, असं तुम्ही तिला तोंडावर सांगितलंत. तिने पातेल्यात माप ओतलं आणि गेली. दिवाळीनंतर आपण आईला नगरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. गाठ पसरली होती. संक्रांतीला आई नव्हती.

तुमच्या शिकवण्यात एक लबाडी होती, अण्णा. शोकांतिकेत नायकाला स्वतःला मरावं लागतं. तुम्ही पुढे कितीतरी वर्षं तोच धडा, तितक्याच सुंदर शब्दांत शिकवलात, आणि निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलात. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही कारणही विचारलं नाहीत.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून एवढं लिहिते. पुण्याचं मत आलं त्या दुपारी तुम्ही पेन खाली ठेवून म्हणाला होतात, "झालं. उद्या नगरला जाऊ." तेव्हा मीच म्हणाले, "अण्णा, मिरजेलाही एकदा विचारूया ना." तुम्ही कौतुकाने माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा पेन उचललंत. पुढे तेराव्याला मामा सगळ्यांदेखत तुम्हाला वाटेल ते बोलला. तुम्ही ऐकून घेतलंत, माझं नाव घेतलं नाहीत.