गुलाबवाल्या वेंडेलचे घर कोणाला

मी, कोरोम वेंडेल, गुलाबाची कलमे करणारा, राहणार सोरेग, सेगेद शहर, पूर्ण शुद्धीत आणि दुपारच्या जेवणापूर्वी, म्हणजे थेंबही न घेता, हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी मुद्दाम उलटे लिहिले असते, हे नातेवाईक जाणतात. टाइप करतो आहे, कारण माझे अक्षर मलाच लागत नाही.

१. मला सोरेगच्याच दफनभूमीत पुरावे. शहराने आम्हाला पोटात घेतले त्याला जमाना झाला, पण बसमध्ये चढताना आम्ही अजून “सेगेदला चाललोय” असेच सांगतो. मेल्यावर तरी मला शहरात नेऊ नये.

२. पुतण्या ओत्तो याला मोटार, गॅरेज आणि बँकेतील शिल्लक. जमीन नाही. गेल्या हिवाळ्यात डुक्कर कापले त्या दिवशी सॉसेज चघळत तो म्हणाला, “काका, हे गुलाब उपटले तर इथे सहा घरं सहज बसतील.”

“तुला उपटलं तर किती बसतील रे?” मी विचारले. तो हसला. मी थट्टा करत नव्हतो.

गुडघ्यांना बांधायच्या माझ्या चामडी गाद्याही त्यालाच द्याव्यात. जन्मात एकदा तरी त्याने मातीत गुडघे टेकावेत.

३. शेजारी टामाश शांतता हवी म्हणून शहरातून इथे आले आणि माझ्या कोंबड्याविरुद्ध अर्ज करून बसले. कोंबडा त्यांना द्यावा. त्यांनी तो मरेपर्यंत सांभाळायचा आहे. रस्सा करायचा नाही.

४. घर, विहीर, गुलाबाचे सगळे वाफे आणि कलमासाठी डोळे, म्हणजे कळ्या, भरायच्या सुऱ्या राट्स एटेल्का हिला. इतके उन्हाळे मी पुढे वाकून खुंटात डोळा बसवत गेलो आणि ती मागून त्यावर पट्टी बांधत आली. माझे काही डोळे वाकडे बसले असतील, पण तिने तो विषय चारचौघांत कधी काढला नाही. एकांतात मात्र मला सोडले नाही. संध्याकाळी ती बसने सुनेच्या फ्लॅटवर परत जाते. तिथे बाल्कनीत एक कुंडी आहे, तीही सुनेची.

माझी बायको जाऊन बरीच वर्षे झाली. एटेल्काला “आता इथेच राहा” म्हणावे असे रोज बस दिसेपर्यंत मनात असते. बस आली की मी म्हणतो, “उद्या लवकर ये, ऊन होतं.” तोंडाने जमले नाही ते कागदाने करतो आहे. माझे तिच्यावर प्रेम आहे. असे मृत्युपत्रात लिहितात की नाही, मला ठाऊक नाही.

५. जर्दाळूची दारू दफनाला आलेल्यांनी त्याच दिवशी संपवावी. भाषण करणाऱ्याला देऊ नये.

सही: कोरोम वेंडेल
सोरेग, ऑगस्ट २००६

साक्षीदार १: राट्स एटेल्का (सही)

खुलासा (कागद पुन्हा मशीनमध्ये घालून): वरील जागी सही एटेल्काने करायची नव्हती. साक्षीला टपालवाली मार्गित आणि तिचा नवरा यायचे होते. मार्गितला हाक मारायला मी फाटकापर्यंत गेलो. परत येतो तर एटेल्का सगळे वाचून, सही करून मोकळी!

“अगं बाई, ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं! तुझा हिस्सा बाद झाला!”

“माहीत आहे. दिराच्या मृत्युपत्राच्या वेळी वकिलानं सांगितलं होतं.”

“मग तुला घर नको?”

“तू नसलेलं घर घेऊन काय करू, मेल्या? जिवंतपणी ‘राहा’ म्हणायला तुझी जीभ झडते का?”

मार्गित दारातच उभी होती आणि जायचे नाव घेत नव्हती. शेवटी तिच्यादेखतच एटेल्काला विचारले.

साक्षीदार २: होर्डी मार्गित, टपालवाली (सही). कोरोम वेंडेल यांनी माझ्यासमक्ष विचारले. दोघेही शुद्धीवर होते. एटेल्का हो म्हणाली.