आपली गाडी डावीकडे सुटते

१७ सप्टेंबर २००६, रविवार

बोलला! आज बोलला एकदाचा!

बाबा जेवायला वर गेले होते, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या आमच्या दुकानात मी एकटी. महेंद्र आला, पिशवीतून गाडी काढून काउंटरवर ठेवली. अंबरनाथच्या बंद कंपनीच्या अंगणात दर रविवारी रेस असते, तिथे भिंतीला लागली होती. रिमोटची, हातभर लांब गाडी. पण तिला लागलं की मलाच लागतं. तो चालवतो, मी दुरुस्त करते. दोन वर्षं असंच चाललंय.

म्हणाला, "अस्मिता, डावीकडे वळताना मागून सुटते, घसरते. बघ ना जरा." मग एक स्क्रू बोटात फिरवत, माझ्याकडे न बघता — "दिवाळीनंतर आपलं लग्न आहे. मग संडेचं काय खरं नाय. त्याच्या आधीची रेस मारायची."

मी म्हटलं, "बरं." नुसतं बरं!

होळीच्या सुमारास त्याने नकाशा आणला होता. "आपण कात्रपला फ्लॅट घेतोय. किचनची खिडकी कुठे पाहिजे?" मी म्हटलं, पूर्वेला. तेव्हापासून मी वाटच बघत होते.

आईला सांगू का? नको. त्याने आधी बाबांना रीतसर विचारायला हवं. तोवर कुणाला काही नाही.

१८ सप्टेंबर

एकच वायर दोनदा सोल्डर केली. बाबा म्हणाले, "अस्मी, लक्ष कुठाय?" मला हसूच आवरेना.

२० सप्टेंबर

चाक धरणारा तुटलेला आर्म बदलला, तरी गाडी सरळ बसत नाही. काचेवर ठेवली आणि पुढून बरोबर मधोमध स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचलली. दोन्ही चाकं एकदम उठायला हवीत. डावं आधी उठतं, उजवं मागाहून. म्हणजे चेसिस, गाडीचा खालचा सांगाडाच, पिळली आहे. नुसत्या डोळ्याला कळत नाही. सरळ रस्त्यावरही कळत नाही. वळताना कळतं.

आधी सगळं सुटं करून धुते. रेसला वेळ आहे.

२४ सप्टेंबर, रविवार

पत्रिका दिली त्याने. बाबांच्या हातात, माझ्यासमोर.

आयु. महेंद्र आणि आयु. सुषमा. बदलापूरची आहे. १२ नोव्हेंबर, कात्रपचा हॉल.

मी पत्रिकेत माझं नाव शोधलं. खरंच शोधलं. वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल.

बाबांनी पत्रिका घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "छान झालं."

२५ सप्टेंबर

लोडशेडिंग. दुपारभर दुकानात अंधार. बरं झालं.

२६ सप्टेंबर

चूक माझीच. तो स्वतःलाच आपण म्हणतो! सगळा उल्हासनगर म्हणतो. "आपण चहा नाय पीत." "आपलं डोकं दुखतंय." "आपल्याला असली गाणी नाय आवडत." हे मी रोज ऐकत होते. त्याचं डोकं दुखलं तेव्हा माझं दुखतंय असं मला कधी वाटलं नाही! मग फ्लॅटच तेवढा दोघांचा कसा झाला? लग्न कसं झालं?

बाबांमुळेही असेल. शाळेत घालायच्या आधी त्यांनी मला याच काउंटरवर बसवून अक्षरं शिकवली, आणि अक्षरांबरोबर रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग. घरात "नाय" चालत नाही, "नाही" म्हणायचं. मी म्हणजे मी. आपण म्हणजे आपण सगळे. मी घरातलं व्याकरण घेऊन रस्त्यावर गेले आणि तोंडावर पडले.

त्याने काहीच फसवलं नाही. हे मी दहादा मनाशी म्हटलं. फसवलं असतं तर निदान रागावता आलं असतं.

२८ सप्टेंबर

आई म्हणाली, "डोळे लाल का गं?" म्हटलं, सोल्डरचा धूर गेला.

बाबा न मागता सिंधी गाड्यावरचं दाल-पकवान घेऊन आले. मला आवडतं म्हणून. स्वतः खाल्लं नाही, समोर बसून राहिले. मग म्हणाले, "तू आहेस म्हणून दुकान आहे, अस्मी. माझा हात आता कापतो. बारीक काम होत नाही." मला भरून आलं. एवढं कधी बोलत नाहीत.

३ ऑक्टोबर

हे लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

गाडी जोडली. वरच्या पट्टीचा एक स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला. मुद्दाम. चेसिस पिळलेली ती पिळलेलीच राहिली. रेसमध्ये सुटेल, भिंतीला लागेल, आणि त्याला वाटेल आपल्याच हाताची चूक. सुषमाच्या समोर.

झाकण लावलं. दुपारी जेवायला वर गेले नाही. बाबा म्हणालेसुद्धा, "जेवली का नाहीस?"

शेवटी पुन्हा उघडलं. सगळे स्क्रू सैल केले, गाडी काचेवर तळहाताने दाबून धरली आणि बाबांनी शिकवलं तसं आडवंतिडवं आवळत गेले — एक इकडचा, एक समोरच्या कोपऱ्यातला, थोडा थोडा. मग टोकाने उचलली. दोन्ही चाकं एकदम उठली.

इतकी सरळ ही गाडी कधीच नव्हती. कुणासाठी केली मी!

८ ऑक्टोबर, रविवार

जिंकला.

सकाळी त्याला मोटरवर मोठं गिअर लावायचं होतं, म्हणजे पळेल जास्त. मी सरळ नाही म्हटलं. ऊन आहे, मोटर जळेल. त्याने मुकाट्याने लहान लावलं.

सुषमा आली होती. अबोली रंगाचा ड्रेस, हातात पाण्याची बाटली. वाईट असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ताई, हे सारखं तुमचंच सांगत असतात. अस्मिताने हे केलं, अस्मिताने ते केलं." मी हसले.

शेवटच्या फेरीत गोपीसेठची गाडी पुढे होती. रेसचा क्लब त्यांचाच. डाव्या वळणावर महेंद्रने आतून घातली आणि आपली गाडी रुळावरून जावी तशी गेली. सुटली नाही. (आपली लिहिलं. खोडत नाही.) गोपीसेठ ओरडले, "अरे साईं, ये गाडी है के मक्खन! बेटी, अगली बार मेरी बना दे, इसका तो ब्याह हो रहा है, ये वैसे भी गया काम से!" सगळे हसले.

नंतर मी टायर काढत होते. महेंद्र शेजारी उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "तू सरळ नाय म्हणालीस ते बरं केलंस. लटकवून नाय ठेवलंस. आपण राग नाय धरला."

मी म्हटलं, "राग कसला? नाहीच म्हणायला हवं होतं. मोटर गेली असती."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. जिंकलेल्या माणसासारखं नाही. उठून सुषमाकडे गेला.

काय झालं ते मला कळलं नाही.

१५ ऑक्टोबर

गाडी दुकानात ठेवून गेला. "तुझ्याकडेच राहू दे. घरी कोणाला कळणार नाय तिच्यातलं." मी वर फळीवर ठेवली. दोनदा खाली काढली, पुसली, परत ठेवली.

२९ ऑक्टोबर

कुणी रेसची गाडी आणली की बाबाच सांगतात, "आता ते काम घेत नाही." मी विचारलं नाही का म्हणून.

१२ नोव्हेंबर, रविवार

लग्नाला निघायची घाई. आई माझ्या निऱ्या धरून खाली बसली होती. सहज म्हणाली, "चांगला होता गं महेंद्र. जून महिन्यात त्याची आई येऊन तुला मागून गेली. तू तेव्हा कॅम्प नंबर एकला मामाच्या घरी राहायला होतीस. नंतर हे म्हणाले, पोरीला विचारलं, ती नको म्हणते, तू परत विचारून तिला लाजवू नकोस. म्हणून मी गप्प बसले. पण का गं नको म्हणालीस?"

बाबा दारात चपला घालत होते. थांबले. वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "असंच, आई. नको वाटलं."