टोकदार कोपरे

शनिवार, २ मार्च १९९१
आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे लोक विचारतील.
पार्किंगसाठी सुट्टे मागायला कुबाकींच्या, बेसबॉल खेळाडूंची चित्रं छापलेल्या जुन्या कार्डांच्या दुकानात शिरलो होतो. काउंटरवरचं एक जुनं कार्ड सहज उचललं. तेवढ्यात आतून एक मुलगी ओरडली, ए बाबा, कोपऱ्याला हात नको लावूस! डेनिस. म्हाताऱ्या कुबाकींची नात. इतक्या आपुलकीने माझ्यावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं.
संकल्प: कार्डांतला तज्ज्ञ होणे. मग लग्न. जमल्यास मधे कॉलेज पुरं करणे.

मंगळवार, ५ मार्च
कार्डांच्या किमतींचं मासिक आणलं. एका बैठकीत विषय संपवला. सार असं: कोपरे टोकदार आणि कार्ड कोरं, तर किंमत दहापट. बाकी सगळी बडबड. तीन सेमिस्टरमध्ये कॉलेजला एवढी स्वच्छ गोष्ट मला सांगता आली नाही. प्रोफेसरशी भांडण होऊन मी निघालो. भांडण कशावरून ते आता आठवत नाही, पण बरोबर मी होतो.

शुक्रवार, ८ मार्च
चर्चमध्ये उपवासाच्या शुक्रवारचं मासळीचं जेवण. वाढायला डेनिस! माझ्या ताटात दोन तुकडे टाकले. आई म्हणते, शेवटी उरलं होतं म्हणून सगळ्यांनाच दोन दिले. आईला प्रेमातलं काही कळत नाही.
ईस्टरपर्यंत काहीतरी सोडायचं असतं. मी राग सोडला.

शनिवार, ९ मार्च
म्हाताऱ्याने ती प्रसिद्ध वही दाखवली. १९३३ साली च्युइंगगमच्या पाकिटांतून आलेली कार्डं, प्रत्येक प्लास्टिकच्या खिशात एक. पार डेट्रॉइट-क्लीव्हलंडहून माणसं ही वही बघायला येतात आणि टोपी काढून उभी राहतात म्हणे. का, ते देव जाणे. कोपरे नाण्यासारखे गोल, मधे घड्या, मागे पेन्सिलची गिचमिड. अख्ख्या वहीत एकच खिसा रिकामा: डच हॅलोरन, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू.
म्हातारा लांबण लावत होता. थोरला भाऊ वॉल्टर, दोघांनी मिळून जमवलेली कार्डं. वॉल्टर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने खेळाडूला मार्क द्यायचा, शेरा मारायचा. मग तो युद्धावर गेला तो आलाच नाही. त्यांच्या आईने कार्डांची पेटी रद्दीत दिली, कार्डं वस्तीभर पांगली, आणि हा पंचेचाळीस वर्षं एकेक हुडकतोय. असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं. डेनिस केस बांधत होती.
तेवढ्यात डेट्रॉइटचा एक गृहस्थ आला. हॅलोरन घेऊन! कोरा करकरीत. म्हाताऱ्याने कार्ड उलटं केलं, मागची बाजू पाहिली आणि छान आहे हो म्हणून परत दिलं. ऐपत नसणार, दुसरं काय. मी म्हटलं, काका, असली घाण जपता आणि सोनं परत करता? म्हातारा म्हणाला, अरे कॉलेजवाल्या, तू अजून पुढची बाजूच वाचतोयस. डेनिस हसली. माझं डोकं फिरलं. निघताना दार असं आपटलं की वरची घंटी खाली पडली.
हा राग मोजायचा नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

गुरुवार, १४ मार्च, संध्याकाळी
इरेना मावशीकडे पिरोगी खायला गेलो होतो. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून काय होतं? डच हॅलोरन!! मावशी म्हणाली, तुझ्या काकाला शाळेत असताना कुबाकींच्या वॉल्टरने दिलं होतं, दोन गोट्या घेऊन. म्हणजे कार्ड अस्सल जुनं. उत्तम. मी मागितलं. ती म्हणाली, ने, पण पुस्तकात घालायला दुसरं काहीतरी आणून दे. पार्किंगची पावती दिली.
दोष दोनच. कोपरे झिजलेले, आणि मागे कुणा कार्ट्याने पेन्सिलने आकडा आणि दोन-तीन शब्द खरडलेत. असलं झिजकं कार्ड घेऊन मी डेनिससमोर जाणार? शक्य नाही.

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी
चर्चच्या ऑफिसात कागद कापायचं यंत्र आहे. आई तिथे टायपिंग करते, ती जेवायला गेली तेव्हा काम उरकलं. चारही बाजूंनी केसभर कापलं. कोपरे आता असे की बोट कापेल. मग खोडरबर. पेन्सिल जुनी, जाता जाईना. पाऊण तास घासलं. कार्ट्याने दाबून दाबून लिहिलं होतं. शेवटी गेलं. काय लिहिलंय ते बघण्यात वेळ घालवला नाही. असल्या कामात शिस्त लागते.
भाषण तयार आहे. सुरुवात: काका, मी हातात काही न घेता आलेलो नाही.

शनिवार, १६ मार्च, सकाळी ९
इस्त्रीचा शर्ट. नव्याने संकल्प: काहीही झालं तरी चिडायचं नाही. म्हातारा रडला तर पाठीवर हात ठेवायचा. डेनिस रडली तर बघू.

शनिवार, दुपारी १
झालं ते क्रमाने लिहितो.
दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बरं झालं, साक्षीदार. मी भाषण केलं, कार्ड काउंटरवर ठेवलं. म्हाताऱ्याने भिंग घेतलं. मग वहीतलं एक कार्ड काढून माझ्या कार्डावर ठेवलं. माझं सगळीकडून केसभर लहान. एक गिऱ्हाईक म्हणालं, अरेरे, कापलंय! दुसऱ्याने टोपी घातली. मयताला आल्यासारखे दोघेही निघून गेले.
म्हातारा मात्र चिडला नाही. कापलं तर कापलं, म्हणाला, आणि सवयीने कार्ड उलटं केलं. मग दिवा ओढून कार्डाला आडवा धरला, बोट फिरवलं. डेनिस, बघ गं, इथे दाबल्याची खूण आहे. डेनिसने वाकून पाहिलं. चार, म्हणाली. दहापैकी चार. पुढचं लागत नाही हो, आजोबा.
कुठून आणलंस, म्हाताऱ्याने विचारलं. मी मावशीचं, काकाचं, गोट्यांचं सगळं सांगितलं. सांगता सांगता ती वॉल्टरची लांबण मला एकदम पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवली. माझी स्मरणशक्ती तशी चांगली आहे.
म्हातारा अगदी मऊ आवाजात म्हणाला, खोडण्याआधी वाचलं असशील ना, बाळा? चारच्या पुढे काय होतं? एवढं सांग. बाकी मला काही नको.
मी म्हणायला हवं होतं, नाही वाचलं. पण डेनिस बघत होती. मी म्हटलं, हो तर. लिहिलं होतं, ‘फार गुणी खेळाडू’.
म्हातारा म्हणाला, वॉल्टरने चार मार्कवाल्याला कधी गुणी म्हटलं नाही.
मग त्याने ते कार्ड त्या रिकाम्या खिशात घातलं, पाठ वर करून. माझे कोपरे टोकदार म्हणून प्लास्टिकला चीर पडली. डेनिस म्हणाली, कर्टिस, जा आता. माझं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं.
चिडायला काहीतरी हवं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. सापडलं नाही. बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं. घंटी वाजली नाही. गेल्या शनिवारी पाडली, ती अजून कुणी लावली नव्हती.