व्हाइट वे पाहिलेला माणूस

३ मार्च
न्यूयॉर्क! जेवताना संजय म्हणाला, "बाबा, या दिवाळीत सगळे ब्रॉडवेला. नाटक बघू." घास हातातच राहिला. नाट्यगृहांचा तो रस्ता — पांढऱ्या दिव्यांच्या लखलखाटामुळे जुने लोक त्याला 'ग्रेट व्हाइट वे' म्हणायचे. मी चाळीस वर्षं नाटकांचे दिवे सांभाळले. नुसत्या नावानेही अंगावर काटा येतो!

सूनबाई, नम्रता, म्हणाली, "तुम्ही तर पाहिलाय. तुम्हीच दाखवा आम्हाला."

बायकोने, इंदूने, आमटी वाढली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

४ मार्च
इथे तरी खरं लिहावं. मी अमेरिकेला गेलेलोच नाही! ८८ साली नाटक कंपनीचा दौरा निघाला. इथे पुण्यात, बिबवेवाडीत माझा हार घालून सत्कार झाला — आणि निघताना मुंबईत कळलं, यादीतून नाव कापलंय. कोणत्या तोंडाने घरी येणार? घराजवळच, कात्रजला मेव्हण्याकडे बावीस दिवस लपलो. येताना कॅम्पातून परदेशी चॉकलेटं आणली. घरात फक्त इंदूला ठाऊक. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येकाला व्हाइट वे ऐकवला. दर वेळी दहा-वीस दिवे वाढवून.

९ मार्च
नकाशा पाठ! मोबाइलवर रोज त्या रस्त्याने फिरतो. आता पांढरं काहीच नाही, सगळे जाहिरातींचे रंगीत पडदे. "आमच्या वेळी वेगळं होतं," असं सांगेन.

इंदू म्हणते, "अहो, या वेळी कात्रजच्या पुढे जाल ना?"

जाणार! बहात्तराव्या वर्षी का होईना, खरंच बघणार!

१४ मार्च
मेलो. नम्रता व्हिसाचा फॉर्म भरत होती. "यापूर्वी अमेरिकेला गेला होतात — हो. साल सांगा, बाबा."

खोटं सापडलं तर सगळ्यांचंच जाणं रद्द! इंदू मेथी निवडायची थांबली.

म्हटलं, "'नाही' असं लिही."

"म्हणजे?"

"कधीच गेलो नाही. कात्रजला होतो."

संजयने पेपरमधून डोकंही काढलं नाही. "पुढचा प्रश्न घे," म्हणाला.

लाज वाटली. फार. पण हलकंही वाटतंय.

१५ मार्च
सकाळी चहा घेताना संजयला विचारलं, "रागावलास?"

म्हणाला, "चौथीत आमची सहल कात्रजच्या सर्पोद्यानात गेली होती. तुम्ही बाकावर शेंगा खात बसला होतात. बाईंनी विचारलं, ते तुझे बाबा ना? मी म्हटलं, नाही. माझे बाबा अमेरिकेत आहेत."