संत्री गाडी आणि अर्धा शेर तेल

मी, नत्थुजी पुंजाजी गावंडे, वय वर्षे सत्त्याऐंशी, धंदा मोटार मेकॅनिक (आता बंद), राहणार बडनेरा रोड, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने मला आपली गाडी चालू करून ऐकवावी, कोणता सिलिंडर चुकतो ते सांगतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा श्याम दबाव आणून पाहून राहिला, पण तो अजून लहान आहे, एकसष्ट वर्षांचा.

कलम एक. राहते घर पत्नी कौशल्या हिच्याकडे हयातभर राहील, तिच्यामागे श्यामकडे जाईल. ‘आई, आता पुण्याला चल’ असे म्हणून श्यामने घर विकायला काढू नये. ती जात नाही. तिथल्या लोकांना तिचे साधे बोलणेही भांडणासारखे वाटते.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते कौशल्याचेच. किती आहे ते तिलाच ठाऊक, मी पासबुक कधी उघडले नाही.

कलम तीन. गॅरेजच्या भिंतीवर रेसिंगवाल्यांचे फोटो आहेत, जुन्या इंग्रजी मासिकांतून कापलेले. चामड्याची टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंड ग्रीसने काळे. त्यातले निम्मे शर्यतीतच गेले. कौशल्या चाळीस वर्षे म्हणत आली, “त्या मेलेल्या गोऱ्यायले रोज कायले पायता?” फोटो तिच्या स्वाधीन. जाळले तरी माझी हरकत नाही.

(इथे उठलो होतो. गॅरेजचे कुलूप पाहून आलो. लावलेलेच होते. आज तिसऱ्यांदा पाहिले. स्वस्थ बसवतच नाही.)

कलम चार. आता गाडी. याच कलमासाठी हा कागद काढला, बाकीची सगळी टाळाटाळ होती.

सदर गाडी विलायती, रेसिंगची, एकच माणूस बसेल अशी, सन एकोणीसशे एकोणपन्नासची. वरूडचे संत्राबागायतदार चंद्रभानजी यांनी ती घेतली. इंग्रजांचा हिरवा रंग खरवडून संत्र्याचा रंग दिला, म्हणून नाव पडले संत्री. गाडी ते स्वतः चालवत. आम्ही दोन मेकॅनिक: मी आणि धर्मपाल बुधाजी खंडारे. आधी त्याला सगळे धर्मा म्हणत. छप्पन्न साली तो नागपूरहून आला आणि सांगितले, आजपासून धर्मपाल. मी एकटाच पूर्ण नाव घेई. याचा मला फार अभिमान होता. बरा अभिमान, फुकटचा.

रेसिंगच्या त्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागे. ते गाळणे धर्मपालचे काम. रोज संध्याकाळी मलमलच्या धडप्यातून दोनदा गाळायचा. मला शंभरदा सांगितले असेल, “नत्थू, एरंडेलात दुसरं तेल मियवू नको. तापलं का फाटते, गोयाच होते, इंजिन जाम.”

एकोणसाठ साली आम्ही बडनेऱ्याहून मालगाडीत संत्री चढवून दक्षिणेला गेलो. युद्धातल्या एका जुन्या विमानपट्टीवर शर्यत होती. सुरू व्हायला दहा मिनिटे उरली आणि तेल कमी दिसले. ते पाहणे माझे काम होते, पण मी सकाळपासून दुसऱ्यांच्या गाड्या पाहत हिंडलो होतो. धर्मपाल चाके आवळत होता. एरंडेलाचा डबा मुक्कामावर राहिला होता. शेजारच्यांकडून मी साधे इंजिन ऑईल मागून आणले आणि धर्मपालला न विचारता अर्धा शेर ओतले. तेल ते तेल, म्हटले. विचारले असते तर त्याने गाडी सोडू दिली नसती.

आठव्या फेरीत, वळणावर, इंजिन जाम झाले. मागची चाके अडली, गाडी दोनदा उलटली. चंद्रभानजींचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

इंजिन खोलल्यावर तेल फाटलेले निघाले. दवाखान्यात त्यांनी विचारले, दुसरे तेल कोणी टाकले? सगळ्यांनी धर्मपालकडे पाहिले, कारण तेल गाळणारा तो. मी तिथेच उभा होतो. मग लोक त्याला जे बोलले ते मी या कागदावर लिहीत नाही. ते तेलाबद्दल नव्हते. तो म्हणाला, “मी नाई टाकलं,” आणि माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. त्याच दिवशी त्याला काढले, परतीचे तिकीटही दिले नाही.

आणि मला? मला चंद्रभानजींनी मोडलेली संत्री दिली. म्हणाले, “घेऊन जा नत्थू, तू इमानदार आहेस.” मी घेतली! लाज कुठे गेली होती माझी, देव जाणे.

धर्मपाल पुढे अकोल्याला एसटीत लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. चौऱ्याऐंशी साली अकोला स्टँडवर मी बसमधून उतरलो, तो दुसऱ्या बसखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, “संत्री चालू केली का?” मी म्हटले, नाही. “कोन्तं तेल टाकशीन?” एवढेच विचारले आणि परत बसखाली गेला. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

गाडी मी वीस वर्षे खपून पूर्ण दुरुस्त केली. पण इंजिनात आजवर तेलाचा थेंब टाकलेला नाही. बूच उघडतो आणि हात थांबतो.

श्यामला पुण्याचा कोणी शौकीन भेटला आहे. श्याम फोनवर म्हणतो, “बाबा, ती अँटिक आहे, सडवून राहिले तुमी.” श्याम, ती इमानदारीचे बक्षीस म्हणून मिळाली आणि मी इमानदार नव्हतो. म्हणून ती तुझी होत नाही. संत्री आणि माझी सगळी हत्यारे धर्मपालची नात रागिणी हिला द्यावी. ती अकोल्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये इंजिने खोलते. यावर कोणाही वारसाने हरकत घेऊ नये.

कलम पाच. माझ्या मृत्यूनंतर कलम चार धर्मपालला मोठ्याने वाचून दाखवावे.

(हे लिहिले आणि उठलो. अंगणात फेऱ्या मारत होतो तर कौशल्या म्हणाली, “तो तुमच्याहून एका वर्षानं मोठा हाये. तो आंधी गेला त मंग कोनाले वाचून दाखवसान?”)

कलम पाच रद्द. अमरावतीला सही करत नाही. शेजारी देवमन ढोके यांचा टेम्पो सांगितला आहे. गाडी, कागद आणि मी, तिघे उद्या सकाळी निघतो.

पुढील मजकूर अकोल्यात, धर्मपाल खंडारे यांच्या अंगणात लिहिला.

कलम चार मी स्वतः वाचले. मध्ये दोनदा थांबलो, देवमनने पाणी दिले. धर्मपाल खाटेवर बसून शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, “अमरावतीहून अकोल्याले याले सहासष्ट वर्षं लागले तुले. आन् म्हने रेसिंगचा मेकॅनिक!”

मी साक्षीदार म्हणून सही मागितली. म्हणाला, “सईचं मंग पाहू. एरंडेल आन्लं का?”

डबा आणलेला होता. त्याने वास घेतला, रागिणीकडून मलमल मागवली, आणि दोनदा गाळले. बूच मी उघडले, तेल त्याने ओतले. पेट्रोल, बॅटरी रागिणीने पाहिली. ती गाडीत बसली, देवमन आणि गल्लीतल्या चौघांनी ढकलले. तिसऱ्या खेपेला संत्री पेटली. सगळी गल्ली बाहेर आली. जळत्या एरंडेलाचा तो वास आला आणि मी रडलो, हे लपवत नाही.

धर्मपाल रडला नाही. म्हणाला, “माफ-गिफ काई केलं नाई मी, समजलं? दे कागद.”

कलम चारमधील गाडी आणि हत्यारे रागिणीला आजच दिली. माझ्या मरणाची वाट पाहू नये. बाकी कलमे मी मेल्यावर लागू होतील.

खालच्या सह्या दोन्ही साक्षीदारांसमक्ष, एका जागी बसून झाल्या.

सही: नत्थुजी पुंजाजी गावंडे

साक्षीदार १: देवमन किसनराव ढोके, अमरावती
साक्षीदार २: धर्मपाल बुधाजी खंडारे, अकोला

ठिकाण: अकोला
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२५

टीप: साक्षीदार क्रमांक दोनच्या सहीवरचा डाग एरंडेलाचा आहे. ती खाडाखोड समजू नये.