कुंपणालगतची कबर

मी, चर्चचे कपडे धुणारी, वय वर्षे एकाहत्तर, डोळ्यांनी अधू पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्या धाकाला न भिता वा गोड बोलण्याला न भुलता ही शेवटची इच्छा सांगत आहे. लिहून घेत आहेत आमचे पाळक. प्रत्येक ओळ मी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली आहे. माणूस भला आहे, पण मला भल्या माणसांचीच जास्त धास्ती वाटते.

१. दोन खोल्या आणि मागचा हौद भाचीला द्यावा. तिच्या नवऱ्याला नव्हे. तो घरी आला की भिंती ठोकून बघतो.

२. कोळशाची इस्त्रीही भाचीलाच. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने मागितली तर सरळ नाही म्हणावे. बावीस वर्षे मी तिच्याशी बोललेली नाही. का, ते पुढे येते.

३. मला नवऱ्याशेजारी पुरू नये. पलीकडे कुंपणालगत पुरावे. आमच्या लग्नात तेव्हाच्या पाळकांनी त्याला बजावले होते की ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती हिच्यावर कर. मंडळी, म्हणजे चर्चमधली आम्ही सगळी, ही ख्रिस्ताची नवरी, ना डाग ना सुरकुती. त्या नवरीचे कपडे मी चाळीस वर्षे धुते आहे. डाग मला विचारा! एवढे डाग पाहूनही जो नवरा सोडून जात नाही, त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणार, असा माझा कायमचा संशय.

माझा नवरा चर्चचा राखणदार. मी इस्त्री करून दिलेले, भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाच्या मेजाचे कापड घेऊन दर शनिवारी दुपारी निघायचा, तो दोन तासांनी उगवायचा, बाह्या ओल्या. चर्च चार पावलांवर! एकदा मागोमाग गेले, तर स्वारी शिंपिणीच्या दारात शिरली. विचारले तर म्हणाला, "काही नाही गं." काही नाही म्हणे! आतून जळत राहिले मी. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही चारचौघांत रडले नाही.

इथे पाळकांनी पेन खाली ठेवले; पुढचे मी त्यांच्याकडून नंतर लिहून घेतले.

"मावशी, हे मी लिहिणार नाही. काकांनी शपथ घातली होती, पण आता सांगतो. तुमची नजर मंदावल्यापासून कापडावर द्राक्षारसाचे डाग राहायचे. काका ते शिंपीणबाईंकडे नेऊन घासायचे, त्या पुन्हा इस्त्री करायच्या. तिला कळू देऊ नका, म्हणायचे."

माझा विश्वास बसला नाही. शिंपिणीला बोलावणे धाडले. ती आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "घासून घासून माझ्या धुण्याच्या दगडाला खळगा पाडलाय तुझ्या नवऱ्याने. चल, हात लावून बघ. एवढंच आमचं लफडं."

"आणि तो गेल्यापासून कोण घासतं?"

"मी, दुसरं कोण? कापड पाळक आणून देतात."

मी गेले. हात लावला. खळगा आहे. मग मात्र मी तिथेच बसून रडले.

कलम तीन रद्द. मला नवऱ्याशेजारीच पुरावे. कलम दोनही रद्द. इस्त्री मी आजच शिंपिणीच्या हातात दिली आहे, भाचीने कुरकुर करू नये.

४. मला गुंडाळायची चादर शिंपिणीने धुवावी. एखादा डाग राहिला तर घासत बसू नये. पुढे दोघे नवरे आहेत धुणारे, माझा नि मंडळीचा.

सही: वाकडी आहे, पण माझीच.

साक्षीदार: १. पाळक. २. शिंपीण.

ठिकाण: शिंपिणीच्या धुण्याच्या दगडापाशी. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपार.